गोदामातली साखर आणि कागदावरचा नफा

पावसाळा सरत आला की साखर कारखान्याच्या सभासदांच्या घरी एक पुस्तिका येते. तिला वार्षिक अहवाल म्हणतात. आमच्या भोकर, अर्धापूर, मुदखेड भागातला पुष्कळसा ऊस लक्ष्मीनगरच्या भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखान्याकडे जातो, त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या घरांना ही पुस्तिका नवी नाही. राज्यातल्या कोणत्याही कारखान्याची घ्या, तिची घडण सारखीच. आधी नोटीस, मग विषयपत्रिका, मग अध्यक्षांचे मनोगत, आणि त्यापुढे आकड्यांची पंधरा-वीस पाने. सभासद पहिली चार पाने चाळतो, सवलतीची साखर किती किलो मिळणार ते पाहतो, आणि पुस्तिका कोनाड्यात जाते. सभेत ‘ताळेबंद व नफा-तोटा पत्रक स्वीकृत करणे’ हा विषय पुकारला जातो, मांडवातून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठतो, आणि पुढचा विषय सुरू होतो.

जे मंजूर झाले ते होते तरी काय? आज त्या मधल्या पानांविषयी बोलायचे आहे. ती पाने सनदी लेखापालांसाठी लिहिलेली असतात असा एक समज आहे. खरे तर कायद्याने ती सभासदासाठीच छापायला लावलेली असतात. आणि त्यांतली भाषा वाटते तितकी परकी नाही. हिशेब, जमा, बाकी, वसूल, नफा, कर्ज हे सारे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. निजामाच्या राज्यातल्या आमच्या आजोबांना ते शिकवावे लागले नाहीत. उलट पुस्तकी मराठीत भाषांतर झाले की हेच विषय अवघड वाटू लागतात. ‘प्रभार’, ‘उपार्जन’ असले शब्द पाहून मलाही धडकी भरते. आणि मी तर शब्दांवरच जगणारा माणूस.

आकड्यांच्या पानांत तीन पत्रके महत्त्वाची असतात. एक ताळेबंद. दुसरे नफा-तोटा पत्रक. तिसरे रोख प्रवाहाचे पत्रक, जे मोठ्या कंपन्यांना द्यावेच लागते. सहकारी संस्थांच्या अहवालांत मात्र ते नेहमी सापडेल असे नाही. ताळेबंद म्हणजे एका ठरलेल्या दिवशी, बहुधा ३१ मार्चला, काढलेला फोटो. नफा-तोटा पत्रक म्हणजे वर्षभराची हकीकत. आणि रोख प्रवाह म्हणजे तिजोरीत खरोखर काय आले, काय गेले, त्याची नोंद.

उदाहरणाशिवाय हे डोक्यात शिरत नाही. समजा, भोकरच्या दोन भावांनी तुरीची डाळ मिल टाकली. पदरचे २० लाख घातले, बँकेकडून ३० लाख कर्ज काढले. एकूण ५० लाख झाले. त्यांतून ३५ लाखांचे शेड आणि यंत्रे उभी राहिली, १५ लाख बँकेत राहिले. पहिल्या दिवसाचा ताळेबंद एवढाच. डाव्या बाजूला पैसा कुठून आला ते लिहायचे: भांडवल २०, कर्ज ३०. उजव्या बाजूला पैसा कुठे बसला आहे ते लिहायचे: शेड-यंत्रे ३५, बँकेत १५. दोन्हीकडे ५०. हे जुळणे काही चमत्कार नाही, कारण एकाच रकमेची ती दोन वर्णने आहेत. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात लुका पाचोली या पाद्री गणितज्ञाने ही दुहेरी नोंदीची रीत सविस्तर मांडली. तिथले व्यापारी ती आधीपासूनच वापरत होते. त्यानंतर जगभरच्या वह्या याच रीतीने चालल्या.

डाव्या बाजूची एक गोष्ट लोकांना खटकते. मालकाचे भांडवल ‘देणे’ कसे? कारण हिशेबाच्या नजरेत मिल वेगळी आणि भाऊ वेगळे. मिल ही एक स्वतंत्र व्यक्ती आहे, आणि ती भावांनाही देणे लागते. फरक एवढाच की बँकेचे देणे तारखेला द्यावे लागते. भावांचे देणे सगळ्यांचे भागल्यावर जे उरेल तेवढेच. नफा झाला तर उरलेला सगळा त्यांचा, तोटा झाला तर आधी त्यांचा बळी. कंपन्यांच्या साऱ्या अर्थशास्त्राचा पाया या फरकात आहे. कर्जदाराच्या हातात तारीख असते, भागधारकाच्या हातात उरलेसुरले.

आता मिल वर्षभर चालली. ६० लाखांची तूर घेतली आणि भरडली. डाळ-चुनी मिळून ७५ लाखांची विक्री झाली. मजुरी, वीज, वाहतूक यांवर ६ लाख गेले. बँकेचे व्याज ३ लाख. पंचाहत्तरातून हे वजा केले की ६ लाख उरतात. भाऊ खूश. पण लेखापाल म्हणतो, थांबा, अजून घसारा राहिला. यंत्रे आणि शेड दर वर्षी थोडी झिजतात. ती झीज आज खिशातून जात नाही, पण दहा वर्षांनी नवे यंत्र घ्यायची वेळ येईल तेव्हा एकदम अंगावर येईल. म्हणून ३५ लाखांचे दहा टक्के, म्हणजे साडेतीन लाख, याच वर्षाच्या खर्चात धरायचे. उरला अडीच लाखांचा नफा. (बैल म्हातारा होतो हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, पण त्याच्या हिशेबात तो खर्च कुणीच धरत नाही, आणि म्हणून शेतीत ‘फायदा झाला’ असे वाटते ती वर्षेही अनेकदा तोट्याचीच असतात.)

आता तिजोरी पाहू. ७५ लाखांच्या विक्रीपैकी हैदराबादच्या व्यापाऱ्यांकडे १२ लाख उधारी राहिली. हातात आले ६३ लाख. हातातून गेले तूर ६०, खर्च ६ आणि व्याज ३ मिळून ६९ लाख. शिवाय बँकेचा हप्ता म्हणून मुद्दलापोटी ५ लाख भरले. वर्षाच्या सुरुवातीला बँकेत १५ लाख होते, वर्षअखेर उरले ४ लाख. म्हणजे कागदावर अडीच लाखांचा नफा, आणि हातातले ११ लाख गेले. यात कुणी चोरी केली नाही, कुणी खोटे लिहिले नाही. नवा ताळेबंद मांडून पाहा: डावीकडे भांडवल आणि नफा मिळून साडेबावीस, कर्ज २५, उजवीकडे शेड-यंत्रे साडेएकतीस, व्यापाऱ्यांकडचे येणे १२, बँकेत ४. दोन्हीकडे साडेसत्तेचाळीस. हिशेब चोख आहे. पण पुढच्या हंगामात तूर घ्यायला भावांकडे चारच लाख आहेत. नफा असूनही मिल बंद पडू शकते ती अशी. धंदे तोट्याने मरतात त्याहून जास्त रोखीच्या तुटवड्याने मरतात, असे मोंढ्यातले जुने लोक म्हणत, आणि ते पुस्तके वाचून म्हणत नव्हते.

माझे वडील मोंढ्यात एका अडत दुकानी दिवाणजी होते. अब्बा रात्री कीर्द मिळवायला बसत. चार आणे जुळले नाहीत तर जेवणाचे ताट तसेच राही. अम्मी म्हणे, चार आणे माझ्याकडून घ्या आणि जेवा. अब्बा म्हणत, चार आणे कमी पडल्याचे दुःख नाही, ते कुठे गेले ते कळत नाही याचे आहे. हिशेबाच्या शास्त्राची याहून चांगली व्याख्या मी पुढे बी.ए. होईपर्यंत आणि त्यानंतरही कुठे ऐकली नाही.

आता डाळ मिल सोडून साखर कारखान्याकडे येऊ. इथे प्रकरण जास्त रंगतदार आहे. कारखान्याचे धुराडे चार-पाच महिने पेटते आणि साखर मात्र बारा महिने विकायची असते. शिवाय कुठल्या महिन्यात किती साखर बाजारात सोडायची याचा कोटा केंद्र सरकारने जून २०१८ पासून पुन्हा लागू केला. ऊस मात्र थांबत नाही, आणि ऊसवाल्याचे पैसेही थांबू नयेत असा कायदा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज द्यायचे. मग चौदा दिवसांत द्यायला पैसा आणायचा कुठून? साखर तर गोदामात पडलेली. त्यासाठी मालतारण कर्ज असते. बँक पोत्याचे मूल्यांकन करते, त्याच्या ठरावीक टक्के रक्कम उचल म्हणून देते, आणि गोदामाला बँकेचे कुलूप लागते.

समजा, बँकेने क्विंटलचे मूल्यांकन ३,४०० रुपये धरले आणि ८५ टक्के उचल दिली. क्विंटलमागे २,८९० रुपये मिळाले. पुढे बाजार उतरला, मूल्यांकन ३,१०० झाले. आता ८५ टक्के म्हणजे २,६३५. फरक २५५ रुपयांचा. गोदामात पाच लाख क्विंटल साखर असेल तर पावणेतेरा कोटी रुपये जास्तीचे उचललेले ठरले. याला बँकेच्या भाषेत ‘शॉर्ट मार्जिन’ म्हणतात. ते भरेपर्यंत नवी उचल मिळत नाही, आणि ऊसबिल मागे पडते. ‘कारखान्याने पैसे अडकवले’ असे आपण चहाच्या टपरीवर म्हणतो. त्यामागे कधी कारभाराचा दोष असतो, पण कधी हे साधे गणितही असते. दोन्हींतला फरक ताळेबंद वाचल्याशिवाय कळायचा नाही.

मुळात नफ्याची जागाच किती अरुंद आहे ते पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्याला उसाचा रास्त भाव क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. म्हणजे टनाला ३,५५० रुपये. आपल्याकडे तोडणी-वाहतूक त्यातूनच कापली जाते. त्या उताऱ्याने एका टनातून साडेएकशेदोन किलो साखर निघते. ती समजा किलोला ३७ रुपयांनी गेली तर ३,७९२ रुपये आले. उसाचे दिल्यावर उरले २४२. पगार, दुरुस्ती, पोती, व्याज, घसारा हे सगळे या रकमेत आणि मळी-बगॅसच्या उत्पन्नात बसवायचे. इथेनॉल आणि सहवीजनिर्मितीकडे कारखाने का वळले याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची जागा. वर्ष संपते ३१ मार्चला, म्हणजे हंगाम संपता संपता, गोदाम गच्च भरलेले असताना. नफा-तोटा पत्रकात ही शिल्लक साखर जमेच्या बाजूला धरावी लागते, नाहीतर ऊसाचा सगळा खर्च दिसेल आणि साखर दिसणारच नाही. पण कोणत्या भावाने धरायची? नियम असा की तयार करायला आलेला खर्च आणि विकून हाती येणारी किंमत, यांत जे कमी असेल ते. ऐकायला सरळ वाटते. पण खर्च किती आला, हे ठरवताना कोणते खर्च साखरेवर टाकायचे आणि विकून किती येईल याचा अंदाज कसा बांधायचा, यात हात थोडा सैल सोडायला जागा असते. पाच लाख क्विंटल साखर क्विंटलला शंभर रुपये वाढवून धरली, तर नफा पाच कोटींनी वाढतो. एक पोतेही जास्तीचे विकलेले नसते. पुढच्या वर्षी तीच साखर कमी भावाने गेली की तो नफा उलटतो आणि ‘बाजाराने मारले’ असे मनोगतात छापून येते. म्हणून अहवाल हातात आला की मी नफ्याचा आकडा नंतर पाहतो. आधी ‘अखेर साठा’ आणि त्याचे मूल्यांकन कसे केले आहे ती टीप शोधतो. मागच्या वर्षी कोणता भाव धरला होता तोही शेजारी मांडतो.

डाव्या बाजूला ‘ऊस देणी’ नावाची एक ओळ असते. ती प्रत्येक ऊस उत्पादकाने पाहावी, कारण तो आकडा त्याचाच आहे. एखाद्याचे एक लाखाचे बिल आठ महिने थांबले तर पंधरा टक्क्यांनी दहा हजार रुपये व्याज होते. ते व्याज कुणी मागत नाही, बहुधा कुणी देतही नाही. म्हणजे तेवढे आठ महिने शेतकरी कारखान्याचा बिनव्याजी सावकार झालेला असतो, आणि स्वतः मात्र पीककर्जाचे, खताच्या उधारीचे व्याज भरत असतो. थकबाकी फार झाली तर साखर आयुक्त महसुली वसुलीचे प्रमाणपत्र काढतात आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होते, पण तोपर्यंत दुसरा हंगाम येतो.

आजचा रुपया आणि उद्याचा रुपया एक नव्हे, हा कंपनी अर्थकारणाचा दुसरा खांब. त्यासाठी इंग्रजीत जाडजूड पुस्तके आहेत, पण गाभा एका गणितात मावतो. कुणी म्हणाले, आज एक लाख द्या, चार वर्षांनी एक लाख चाळीस हजार देतो. घ्यावे का? तोच पैसा दुसरीकडे दहा टक्क्यांनी सुरक्षित राहत असेल तर चार वर्षांत तो एक लाख सेहेचाळीस हजारांवर जातो. म्हणजे हा सौदा तोट्याचा, जरी चाळीस हजार ‘नफा’ दिसत असला तरी. कंपनी नवा प्रकल्प उभारताना हेच करते: पुढच्या वर्षांत येणारा प्रत्येक रुपया आजच्या भावात आणते, त्यांची बेरीज करते आणि खर्चाशी ताडून पाहते. दर किती धरायचा हा वादाचा मुद्दा. धोका जितका जास्त, तितका दर जास्त. एखाद्या प्रकल्प अहवालात पहिल्या वर्षापासून शंभर टक्के क्षमतेने गाळप दाखवले असेल, तर पुढची पाने वाचण्याचे श्रम घेऊ नयेत.

पैसा उभा कसा करायचा, याच्या दोन तऱ्हा आपल्या परिसरात शेजारी शेजारी दिसतात. पहिली सहकाराची. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढे तीच घडण राज्यभर रूढ झाली: थोडे शेतकऱ्यांचे भागभांडवल, थोडे सरकारचे, मोठा वाटा कर्जाचा. इथे भाग कितीही असोत, मत एक. लाभांशाला कायद्याने पंधरा टक्क्यांची मर्यादा. आणि भागाची किंमत बाजारात वर-खाली होत नाही.

दुसरी तऱ्हा कंपनीची. आमच्या शेजारी उमरी तालुक्यात वाघलवाड्याला एम.व्ही.के. अॅग्रो फूड प्रॉडक्ट ही खासगी साखर कंपनी आहे. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिने राष्ट्रीय शेअर बाजाराच्या लघु-मध्यम उद्योग विभागात लोकांना शेअर विकले. दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर १२० रुपयांना, असे ५४ लाख ९० हजार शेअर. जमले ६५ कोटी ८८ लाख रुपये. हिशेबात हे कसे बसते ते पाहण्यासारखे आहे. दर शेअरमागे १० रुपये ‘भागभांडवल’ या ओळीत जातात, म्हणजे ५ कोटी ४९ लाख. उरलेले ११० रुपये ‘अधिमूल्य’ म्हणून राखीव निधीत जातात, म्हणजे ६० कोटी ३९ लाख. हा अधिमूल्याचा पैसा नफा नव्हे, कंपनीने तो कमावलेला नाही. भागधारकांनी विश्वासापोटी जास्तीचा दिलेला तो पैसा आहे.

लहान गुंतवणूकदाराला कमीत कमी १,२०० शेअर घ्यावे लागत होते, म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार रुपये. मार्चमध्ये बाजारात पहिल्या दिवशी व्यवहार उघडला तो ७९ रुपयांवर. एका शेअरमागे ४१, आणि १,२०० शेअरमागे ४९,२०० रुपयांची कागदी घट एका सकाळीत. पण कंपनीच्या ताळेबंदात त्या दिवशी एका पैशाचाही फरक पडला नाही. तिला तिचे पैसे आधीच मिळाले होते. शेअरचा भाव म्हणजे उद्या येणाऱ्या नफ्याविषयीचे लोकांचे मत. ताळेबंद म्हणजे कालपर्यंत घडलेल्याची नोंद. दोन्हींचा संबंध असतो, पण ते एक नव्हेत. भाव उतरला म्हणून कंपनी बुडाली असे होत नाही, आणि भाव चढला म्हणून ती सुदृढ आहे असेही नाही.

‘लिमिटेड’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. आपण तो पाटीवर वाचतो आणि त्याला मोठेपणाची खूण समजतो. त्याचा अर्थ मर्यादित. कंपनी बुडाली तर भागधारकाचे घर-शेत कुणी जप्त करणार नाही, त्याचा शेअरचा पैसा तेवढा जाईल. अर्थात ज्याने वेगळी हमी लिहून दिली आहे त्याला हे कवच नाही. देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली की भागधारकाचे ‘उरलेसुरले’ शून्याखाली जाते. अहवालात त्याला ‘नक्त मूल्य उणे’ म्हणतात. हे दोन शब्द दिसले तर समजावे की संस्था आता मालकांच्या नव्हे, सावकारांच्या कृपेने चालली आहे. महाराष्ट्रातले कित्येक सहकारी कारखाने असेच थकीत कर्जापोटी लिलावात निघाले. शेतकऱ्याचा भाग गेला तो त्या लिलावाच्या दिवशी नव्हे. तो ताळेबंदात दर वर्षी वाढत जाणाऱ्या ‘संचित तोटा’ या ओळीत आधीच संपत आला होता. ती ओळ छापलेली होती. दर वर्षी मंजूर होत होती.

कर्ज देणाऱ्या बँकेलाही हेच लागू. तिने दिलेले कर्ज तिच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते. ते परत येणार नाही असे दिसू लागले की नफ्यातून तरतूद करावी लागते. तरतूद टाळली की नफा गोंडस दिसतो. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमले, तेव्हा साखर कारखान्यांना दिलेली कर्जे हा चर्चेचा मोठा विषय होता.

पत्रके सरळ सरळ खोटी असली तर काय, असा प्रश्न कुणीही विचारील. त्याचे उत्तर हैदराबादने दिले आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली की कंपनीच्या ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. ज्या तिमाहीत विक्रीवर २४ टक्के नफा दाखवला होता, त्यात तो प्रत्यक्षात ३ टक्के होता. भोकर, नांदेड, देगलूरकडची किती तरी मुले तेव्हा त्या शहरात नोकरीला होती. ती बातमी आमच्याकडे नात्यागोत्यातल्या फोनवरून आली.

इथे डाळ मिलचा ताळेबंद पुन्हा आठवून पाहा. नफा खोटा लिहिला तर डावी बाजू फुगते. उजवी बाजूही तेवढीच फुगवावी लागते, नाहीतर ताळा जुळणार नाही. काय फुगवणार? यंत्रे फुगवली तर कुणीही मोजू शकतो. उधारी फुगवली तर ‘वसूल का होत नाही’ असे विचारतील. म्हणून बँकेतली शिल्लक फुगवली. वर्षानुवर्षे खोटा नफा तिथे साचत गेला आणि पाच हजार कोटींचा डोंगर झाला. खरे पाहता सर्वांत तपासायला सोपी गोष्ट तीच होती. बँकेला थेट विचारायचे. लेखापरीक्षकांची सही मात्र दर वर्षी होत राहिली. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली, आणि एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या न्यायालयाने राजू आणि इतर नऊ जणांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. ताळेबंद जुळला याचा अर्थ बेरीज बरोबर आहे एवढाच. शेराचा काफिया जुळला म्हणून त्यात अर्थ असेलच असे थोडेच आहे!

तेव्हा लेखापरीक्षकांचा अहवाल वाचावा, आणि त्यातही ‘खालील बाबी वगळता’ किंवा ‘या मुद्द्याकडे लक्ष वेधतो’ अशी वाक्ये शोधावीत. ती बारीक टाइपात आणि फार सभ्य भाषेत असतात. ‘येणे रकमांची संबंधितांकडून खातरजमा प्राप्त झालेली नाही’ असे लिहिले असेल, तर साध्या मराठीत त्याचा अर्थ, हे पैसे कुणी द्यायचे कबूल केलेले नाहीत. ‘संभाव्य देणी’ या टिपेत कोर्टकज्जे आणि इतरांसाठी दिलेल्या हमी असतात. त्या ताळेबंदाच्या बेरजेत नसतात, पण उद्या येऊ शकतात. सहकारी संस्थेला लेखापरीक्षक अ, ब, क, ड असा वर्गही देतात. तोही अहवालात सापडतो.

ज्याच्या घरी पुस्तिका आली नाही त्यालाही कागद मिळू शकतात. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचे अहवाल बाजाराच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. सहकारी संस्थेच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ३२ आहे. त्याप्रमाणे सभासदाला संस्थेच्या कार्यालयात, कामकाजाच्या वेळेत, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेची आणि संचालक मंडळाची इतिवृत्ते, तसेच त्याच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. नक्कल हवी असेल तर लेखी अर्ज आणि ठरलेली फी द्यावी लागते. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि तिच्यावर पोच घ्यावी.